एकोणिसाव्या शतकातला डबलचा खरा मानकरी कोण?

पाटी_पेन्सिल (धागाकर्ता)

बेसबॉलच्या जुन्या विक्रमांवर बोलणं निघालं की गाडी होम रनपाशीच (एकाच फटक्यात सगळे बेस फिरून धाव) थांबते. डबल कायम मागच्या बाकावर. डबल म्हणजे ज्या फटक्यावर फलंदाज क्षेत्ररक्षकाच्या चुकीशिवाय थेट दुसऱ्या बेसवर (धावताना गाठायच्या चार थांब्यांपैकी दुसरा) पोचतो तो फटका. एकोणिसाव्या शतकात हाच फटका सामने फिरवायचा, कारण होम रन तेव्हा दुर्मीळ होते.

तर प्रश्न असा: १८७१ ते १९०० या काळात डबल मारण्यात सगळ्यात मोठा कोण? ठळक दावेदार मांडतो.

कॅप ॲन्सन: कारकिर्दीत ५८२. रॉकफर्ड, फिलाडेल्फिया आणि मग तब्बल २२ हंगाम शिकागो.
एड डेलाहँटी: ५२२, त्यात १८९९ चे ५५.
टिप ओ'नील: १८८७ मध्ये एकाच हंगामात ५२. पन्नाशी ओलांडणारा पहिला.
नेड विल्यमसन: १८८३ मध्ये ४९, तेही फक्त ९८ सामन्यांत.
ह्यू डफी: १८९४ मध्ये ५१, सरासरी ०.४४० (म्हणजे दर हजार संधींत ४४० यशस्वी फटके).

माझं मत डेलाहँटीच्या बाजूने आहे. ॲन्सनचा आकडा मोठा दिसतो तो २७ हंगामांमुळे. डेलाहँटीने १६ हंगामांत ५२२ केले. पण नुसत्या बेरजेवर भांडण्यापेक्षा प्रत्येक आकडा कुठल्या नियमात आणि कुठल्या मैदानावर झाला ते बघू या.

गल्लीक्रिकेट

धागा आवडला. क्रिकेटवाल्यांसाठी एक शंका. चेंडू कुंपणाबाहेर गेला की होम रन ना? मग विल्यमसनचे ४९ डबल आणि होम रन फक्त २, हे कसं?

दुसरा_बेस

@गल्लीक्रिकेट, अहो, अख्ख्या धाग्याची किल्ली तुमच्याच प्रश्नात आहे.

शिकागोचं लेकफ्रंट पार्क हे मैदान फार चिंचोळं होतं. डावं कुंपण होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) १८० फूट, उजवं १९६, मधलं ३००. १८० फूट म्हणजे ५५ मीटर. आजच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा कमीत कमी ६० मीटरच्या आसपास लागते, त्याहूनही जवळ! एवढ्या जवळच्या कुंपणावरून गेलेल्या चेंडूला होम रन देणं शोभत नव्हतं. म्हणून १८८३ मध्ये तिथला स्थानिक नियम होता की कुंपणापलीकडे गेलेला चेंडू दोन बेसचा.

आणखी एक गंमत बघा. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. होमपासून पहिल्या बेसवरून दुसऱ्यापर्यंत धावायचं ते बरोबर १८० फूट. चेंडूने जेवढं अंतर कापलं तेवढंच फलंदाजाला पळायला मिळालं.

पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, शिकागोने हा नियम उलटवला आणि तेच फटके होम रन धरले. परिणाम असा:

१८८३ मध्ये संघाचे २७७ डबल आणि १३ होम रन.
१८८४ मध्ये संघाचे १६२ डबल आणि १४२ होम रन.

दोन्हींची बेरीज पाहा, २९० आणि ३०४. खेळाडू जवळजवळ तेच, ताकद तीच, बदललं ते फक्त नाव.

आकडेमोड

@दुसरा_बेस +१. विल्यमसनचे वैयक्तिक आकडेही असेच जुळतात. १८८३ मध्ये ४९ डबल, २ होम रन, मिळून ५१. १८८४ मध्ये १८ डबल, २७ होम रन, मिळून ४५. त्या २७ पैकी २५ घरच्या मैदानावर आणि बाहेर फक्त २. हा २७ चा विक्रम बेब रूथने १९१९ मध्ये २९ मारेपर्यंत टिकला.

टक्केवारीने तर आणखी उघड होतं. १८८३ मध्ये विल्यमसनचे एकूण यशस्वी फटके १११, त्यातले ४९ डबल. म्हणजे ४४ टक्के. कुठल्याही काळातला कसलेला डबलबाज २० ते २५ टक्क्यांच्या घरात असतो. ४४ टक्के दिसले की फलंदाजाच्या मनगटाआधी कुंपण मोजायला घ्यावं.

जुनी_कात्रणं

त्याच मैदानावरची एक तारीख: ३ जुलै १८८३. शिकागोने बफेलोला ३१-७ ने हरवलं आणि एका सामन्यात संघाने १४ डबल मारले. ॲन्सन आणि ॲबनर डॅलरिंपल यांचे प्रत्येकी चार.

१८८४ मध्ये त्याच संघातल्या चौघांनी वीसच्या वर होम रन मारले: विल्यमसन २७, फ्रेड फेफर २५, डॅलरिंपल २२, ॲन्सन २१. संघाचा १४२ चा आकडा १९२७ च्या यँकीज संघाने मागे टाकला. १८८५ मध्ये शिकागोने ते मैदान सोडलं आणि हा पाऊस थांबला.

पाटी_पेन्सिल

मग १८८३ चे ४९ यादीतून वगळायचे का? नियमात बसून मारले आहेत. विल्यमसनने फसवणूक केलेली नाही.

दुसरा_बेस

वगळू नका. पण त्यांच्यापुढे मैदानाचं माप लिहा. प्रश्न एकट्या शिकागोचा नव्हता. १८९२ मध्ये नियमातच आलं की कुंपण होम प्लेटपासून २३५ फुटांपेक्षा जवळ असेल, तर पलीकडे गेलेल्या चेंडूला दोनच बेस. ज्याची भीती होती तेच नियमपुस्तकात शिरलं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. आज टप्पा पडून कुंपणाबाहेर उडालेला चेंडू आपोआप डबल ठरतो. एकोणिसाव्या शतकात तो होम रन असायचा. हा बदल अमेरिकन लीगमध्ये १९३० च्या हंगामापासून आणि नॅशनल लीगमध्ये १९३१ पासून झाला. अर्ल वेबचे विक्रमी ६७ डबल १९३१ मधले आहेत. डेलाहँटीच्या ५५ मध्ये या जातीचा एकही डबल असणं शक्य नाही. म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करताना दोन्हीकडून तोल सांभाळावा लागतो.

टोरोंटोकर

टिप ओ'नीलचं नाव वाचून बरं वाटलं. ऑन्टारियोतल्या वुडस्टॉकमध्ये वाढलेला हा कॅनडाचा खेळाडू. इथे सर्वोत्तम कॅनेडियन बेसबॉलपटूला दरवर्षी त्याच्याच नावाचा पुरस्कार देतात. सुरुवात केली पिचर (गोलंदाज) म्हणून, नाव झालं फलंदाजीत.

१८८७ मध्ये सेंट लुई ब्राउन्सकडून: ५२ डबल, १९ ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके), १४ होम रन, सरासरी ०.४३५. डबल, ट्रिपल आणि होम रन या तिन्हींत एकाच हंगामात लीगमध्ये पहिला येणारा तो एकमेव. माझ्या मते एका हंगामापुरता मान त्याचाच.

आकडेमोड

@टोरोंटोकर, ओ'नील मोठाच. पण १८८७ चा तक्ता वाचताना दोन खड्डे आहेत, ते टाळून चला.

पहिला खड्डा: त्या एका हंगामात चार बाहेरचे चेंडू मिळून मिळणारा पहिला बेस यशस्वी फटका म्हणून मोजला गेला. (खरं तर तेव्हा चार नाही, पाच चेंडू लागायचे. चारचा नियम १८८९ चा.) म्हणून त्या वेळी ओ'नीलची सरासरी ०.४९२ छापली गेली. आज ०.४३५ धरतात. डबलच्या आकड्याला याने धक्का लागत नाही, पण डबलचं प्रमाण काढताना भाजक चुकतो. भाजक २२५ यशस्वी फटके हा घ्या. फुकटचे बेस मिसळलेला जुना आकडा घेतलात तर प्रमाण २३ वरून १९ टक्क्यांवर घसरतं आणि माणूस उगाच कमी दिसतो.

दुसरा खड्डा: त्याच वर्षी फलंदाजाला तीनऐवजी चार स्ट्राइक (बाद होण्याआधी वाया घालवता येणारे चेंडू) मिळत. १८८८ मध्ये पुन्हा तीन झाले. एक जादा चेंडू मिळाला की फलंदाज मनासारख्या चेंडूची वाट बघू शकतो. ओ'नीलच्याच लीगमध्ये पीट ब्राउनिंगनेही त्या वर्षी ०.४०२ केले.

आता एक सुंदर योगायोग. ओ'नील १८८७: ५२ भागिले २२५, म्हणजे २३.१ टक्के. डेलाहँटी १८९९: ५५ भागिले २३८, म्हणजे २३.१ टक्के. बारा वर्षांचं अंतर, वेगळी लीग, वेगळे नियम आणि प्रमाण तंतोतंत सारखं! डफी १८९४: ५१ भागिले २३७, म्हणजे २१.५.

मनगटी_फटका

वाचतोय. डफीच्या वर्षाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १८९३ मध्ये पिचर मागे सरकवला गेला. आधी तो ५० फुटांवर आखलेल्या चौकटीतून टाकायचा आणि मागच्या रेषेवर पाय ठेवायचा, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५५ फूट. मग ६० फूट ६ इंचांवर रबरी पट्टी आली, ती आजही तिथेच आहे. पाच फूट जादा मिळाल्यावर पिचरांचे वक्र चेंडू कुठे वळायचे ते दोन हंगाम जमेना. १८९४ मध्ये धावांचा पूर आला. फिलाडेल्फियाचे डेलाहँटी, सॅम थॉम्पसन आणि बिली हॅमिल्टन हे तिन्ही आऊटफील्डर (सीमेजवळचे क्षेत्ररक्षक) त्या वर्षी ०.४०० च्या वर होते. बॉल्टिमोरच्या जो केलीने त्याच वर्षी एका दिवसातल्या दोन सामन्यांत मिळून नऊ पैकी नऊ यशस्वी फटके मारले, त्यातले चार डबल साय यंगच्या गोलंदाजीवर.

म्हणून डफीच्या ५१ ना मी ओ'नीलच्या ५२ च्या खाली ठेवतो. १८९९ पर्यंत पिचर सावरले होते. त्या परिस्थितीत ५५ काढणं जास्त अवघड.

रानवाट

सगळे १८८० नंतरचंच बोलताहेत. रॉस बार्न्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

बोस्टनकडून १८७२ मध्ये ४५ सामन्यांत २८ डबल. १८७३ मध्ये ६० सामन्यांत ३१. दोन्ही वर्षी लीगमध्ये पहिला. सामन्यामागे दर काढा: १८७२ मध्ये ०.६२, १८७३ मध्ये ०.५२. विल्यमसनचा जवळच्या कुंपणासकट दर ०.५० येतो. ओ'नीलचा ०.४२, डेलाहँटीचा १८९९ चा ०.३८ (१४६ सामने). बार्न्सला १४६ सामने मिळाले असते तर काय झालं असतं याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्याचाच सहकारी कॅल मॅकव्हे: १८७५ मध्ये ८२ सामन्यांत ३६. त्या वर्षी बोस्टनने ७१ सामने जिंकले आणि फक्त ८ हरले. पुढच्या वर्षी बार्न्स, मॅकव्हे, स्पॉल्डिंग आणि व्हाइट हे चौघे उचलून शिकागोला गेले.

गल्लीक्रिकेट

सामन्यामागे ०.६२? हे कसं शक्य झालं? तिथेही कुंपण जवळ होतं का?

रानवाट

नाही. बार्न्सचं हत्यार होतं फेअर-फाउल फटका. नीट समजून घ्या, कारण हा फटका आज अस्तित्वातच नाही.

१८७६ पर्यंतचा नियम असा होता की चेंडूचा पहिला टप्पा मैदानाच्या आत पडला की तो वैध, मग तो पुढच्याच क्षणी रेषेबाहेर गेला तरी चालेल. बार्न्स करायचा काय, तर बॅट तिरकी धरून चेंडू प्लेटच्या पुढ्यातच जमिनीवर आपटायचा, असा की चेंडूला बाजूची फिरकी मिळावी. एक टप्पा आत, आणि तिथून चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूने बाहेर, प्रेक्षकांच्या दिशेने सुसाट. तिसऱ्या बेसवाला वळून पाठलाग करणार, चेंडू उचलून परत वळणार, तोवर बार्न्स दुसऱ्या बेसवर.

यावर उपाय एकच होता. तिसऱ्या बेसवाल्याने रेषेला, कधी रेषेबाहेरही, चिकटून उभं राहायचं. पण मग त्याच्या आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मध्ये मोठं भगदाड पडायचं. बार्न्सला दोन्ही जमत होतं, त्यामुळे क्षेत्ररक्षक कुठेही उभा राहिला तरी एक बाजू उघडीच.

१८७७ पासून नियम बदलला: चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसपर्यंत जाण्याआधी रेषेबाहेर वळला तर फाउल (अवैध). १८७६ मध्ये बार्न्सची सरासरी ०.४२९ होती, १८७७ मध्ये ०.२७२.

जुनी_कात्रणं

@रानवाट, शेवटच्या वाक्याला एक जोड हवी. १८७७ मध्ये बार्न्स तापाने आजारी होता आणि फक्त २२ सामने खेळला. नियमबदलाने एका झटक्यात बार्न्स संपला असं लिहितात ते अर्धंच खरं. कुठली घसरण नियमाची आणि कुठली आजाराची, हे २२ सामन्यांवरून वेगळं काढता येत नाही.

आणि १८७६ चा नॅशनल लीगचा पहिला हंगाम विसरू नका. डबलमध्ये तिघे बरोबरीत: बार्न्स, पॉल हाइन्स आणि डिक हायम, प्रत्येकी २१. हायमने १८७८ मध्येही २२ मारून लीगमध्ये पहिला नंबर काढला. पुढे तो पंच झाला आणि १८८२ मध्ये जुगाऱ्यांशी संधान बांधल्याबद्दल त्याला कायमचं काढण्यात आलं.

मनगटी_फटका

@रानवाट, तुमचं म्हणणं पटतं, पण १८७१ ते ७५ ची नॅशनल असोसिएशन प्रमुख लीग धरायची का? १९६८ मध्ये नेमलेल्या विक्रम समितीने ती यादीतून वगळली, कारण वेळापत्रकाचा मेळ नव्हता आणि संघ हंगामाच्या मध्येच गळत होते. ती वगळली तर ॲन्सनचेही ५३ डबल जातात आणि ५८२ चे ५२९ होतात. म्हणजे ॲन्सन ५२९, डेलाहँटी ५२२. सातचाच फरक!

रानवाट

समितीचा निर्णय वर्गवारीसाठी होता. धाग्याचं शीर्षक 'एकोणिसावं शतक' आहे, खेळाडू पगारी होते, संघ व्यावसायिक होते. मग बार्न्स बाहेर का?

दुसरा_बेस

अनुमोदन. शिवाय ॲन्सनला असोसिएशनसकट मोजायचं आणि बार्न्सला वगळायचं, हे न्यायाचं नाही. एकच फूटपट्टी लावा.

बार्न्सच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे धरण्याजोगी एक गोष्ट म्हणजे क्षेत्ररक्षक. १८७२ मध्ये सगळे उघड्या हाताने खेळत. त्याचा डबलवर दोन ठिकाणी परिणाम होतो. आऊटफील्डमध्ये जोरात आलेला चेंडू आधी अंगाने अडवावा लागे, मग उचलायचा, तेवढ्यात अर्धा सेकंद जातो. आणि दुसऱ्या बेसवर येणारा थ्रो उघड्या हातात झेलायचा, म्हणजे फेकणाराही बेताने फेकणार. सिनसिनाटीचा बिड मॅकफी हा दुसऱ्या बेसवाला १८९६ पर्यंत विनाग्लोव्ह खेळला, पण तोवर बाकी सगळ्यांच्या हातात ग्लोव्ह आले होते. १८९५ मध्ये तर ग्लोव्हच्या आकारावर मर्यादा घालायची वेळ आली. डेलाहँटीसमोरचं क्षेत्ररक्षण बार्न्ससमोरच्यापेक्षा फार वरच्या दर्जाचं होतं.

पाटी_पेन्सिल

हे महत्त्वाचं. आणि पंच? तेव्हा एकच पंच असायचा ना?

जुनी_कात्रणं

हो, बहुतेक सामन्यांत एकटाच. चेंडू आऊटफील्डमध्ये गेला की त्याची नजर चेंडूवर. धावपटू पहिल्या बेसला वळसा न घालता आतून कापून गेला तर त्याला दिसणारच नाही. या कलेत किंग केली सगळ्यांत नावाजलेला. आणि हाच केली डबलमध्ये तीनदा लीगमध्ये पहिला आला: १८८१ (२७), १८८२ (३७), १८८९ (४१). १८८७ मध्ये शिकागोने त्याला बोस्टनला १० हजार डॉलरला विकलं, त्या काळी डोळे पांढरे करणारी रक्कम.

केलीचे सगळे डबल कोपरे कापून झाले असं मात्र कुणी म्हणू नये. चेंडूची दिशा ओळखून पहिल्या पावलापासून दुसऱ्या बेसचा हिशेब मांडणारा तो धावपटू होता. घसरत बेस गाठण्याची त्याची पद्धत पाहायला लोक गर्दी करत.

मैदानमापक

गर्दीचा मुद्दा निघालाच आहे तर: सुट्टीच्या दिवशी तिकिटं जागेपेक्षा जास्त विकली जात आणि उरलेले लोक आऊटफील्डमध्ये दोरीमागे उभे राहत. अशा वेळी दोन्ही कर्णधार सामन्याआधी ठरवत की चेंडू गर्दीत गेला तर किती बेस. बहुतेकदा दोन. एरवी सोपा झेल ठरला असता असा चेंडूही त्या दिवशी डबल. म्हणून कुठल्याही जुन्या सामन्यात एकाएकी दहा-बारा डबल दिसले, तर तीन गोष्टी या क्रमाने तपासा. आधी मैदानाचं कुंपण. मग तारीख सुट्टीची होती का. मग प्रेक्षकसंख्या.

उलट बाजूने, मोठ्या उघड्या मैदानांत डबल कमी होत कारण त्यांचे ट्रिपल होत. चेंडू दोन आऊटफील्डरांच्या मधून गेला की अडवायला काहीच नाही, चपळ धावपटू थेट तिसऱ्यावर. रॉजर कॉनर: ४४१ डबल, २३३ ट्रिपल. जेक बेक्ली: ४७३ डबल, २४४ ट्रिपल. आज त्यांचे निम्मे ट्रिपल कुंपणाला आपटून डबल झाले असते. म्हणून फक्त डबल मोजणं या दोघांवर अन्याय आहे असं मी ठामपणे म्हणेन.

गल्लीक्रिकेट

चेंडूबद्दल कुणी सांगेल का? तोच चेंडू शेवटपर्यंत वापरायचे असं ऐकलं.

मैदानमापक

बरोबर ऐकलंत. वजन ५ ते सव्वापाच औंस, घेर ९ ते सव्वानऊ इंच, माप १८७२ पासून तेच. पण आत कॉर्कचा गाभा १९१० च्या सुमारास आला. त्याआधी रबराच्या छोट्या गोळ्याभोवती लोकर गुंडाळलेली. नवा चेंडू शक्यतो काढायचाच नाही, त्यामुळे उत्तरार्धात तो मऊ, काळा, वेडावाकडा झालेला. असा चेंडू कुंपणापलीकडे मारणं दुरापास्त. कमी उंचीचा, सपाट, दोन क्षेत्ररक्षकांमधून फाडत जाणारा फटका हाच शहाणपणाचा. डबल हा त्या काळच्या चेंडूला शोभणारा फटका होता.

बॅटचाही नियम सांगतो: १८८५ मध्ये बॅटची एक बाजू सपाट ठेवायला परवानगी मिळाली, १८९३ मध्ये ती काढून घेतली. जाडी अडीच इंच, ती १८९५ मध्ये पावणेतीन झाली.

सावली

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. 'सगळ्यात मोठा' म्हणताना आपण फक्त गोऱ्या खेळाडूंमधून निवडतो आहोत. मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोकडून प्रमुख लीगमध्ये खेळला आणि त्यानंतर दारं बंद झाली. बफेलोचा फ्रँक ग्रँट १८८६ ते ८८ इंटरनॅशनल लीगमधल्या उत्तम फलंदाजांपैकी होता. जुलै १८८७ मध्ये त्या लीगने ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. ग्रँट २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण प्रमुख लीगच्या तक्त्यात त्याचा एकही डबल नाही.

आणि ५८२ वाला ॲन्सन या भेदभावाचा उघड पुरस्कर्ता होता. १८८३ मध्ये टोलेडोला वॉकर संघात असेल तर खेळणार नाही अशी धमकी त्याने दिली होती.

पाटी_पेन्सिल

@सावली, मनापासून आभार. ही नोंद मूळ लेखातच असायला हवी होती, ती माझी चूक. ॲन्सनच्या आकड्याशेजारी हे कायम लिहिलं गेलं पाहिजे.

टोरोंटोकर

आपल्या बाजूच्या जगाशी या मंडळींचा एक धागा जुळतो. १८८८-८९ मध्ये स्पॉल्डिंगने शिकागोचा संघ आणि निवडक खेळाडूंचा दुसरा संघ घेऊन जगाचा दौरा काढला. ॲन्सन आणि विल्यमसन दोघेही त्यात होते. ऑस्ट्रेलियाहून इजिप्तला जाताना जानेवारी १८८९ मध्ये कोलंबोत त्यांनी सामना खेळला.

जुनी_कात्रणं

आणि त्याच दौऱ्याने विल्यमसनचं वाटोळं केलं. मार्च १८८९ मध्ये पॅरिसच्या खडबडीत मैदानावर बेसवर घसरताना त्याचा गुडघा फाटला. औषधपाण्याचा खर्चही त्याला मिळाला नाही. त्यानंतर तो पूर्वीसारखा खेळलाच नाही आणि १८९४ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी गेला. ॲन्सन त्याला आपण पाहिलेल्या उत्तम खेळाडूंत गणायचा. ४९ आणि २७ हे दोन आकडे लेकफ्रंटचे होते, पण विल्यमसन तेवढ्यापुरताच नव्हता. तिसऱ्या बेसवरचं त्याचं क्षेत्ररक्षण त्या काळात वाखाणलेलं.

पाटी_पेन्सिल

सगळं वाचून माझं मत सुधारतो. एका हंगामासाठी बार्न्स, १८७२. फेअर-फाउल नियमात बसत होता आणि तो इतर कुणालाही वापरता आला असता. त्याच्याइतका कुणाला जमला नाही. कारकिर्दीसाठी मात्र डेलाहँटीच. पाच वेळा डबलमध्ये पहिला: १८९५ (४९), १८९६ (४४), १८९९ (५५), १९०१ (३८), १९०२ (४३). त्याचे ५५ ट्रिस स्पीकरने १९२३ मध्ये ५९ मारेपर्यंत कुणी ओलांडले नाहीत. एका सामन्यात चार होम रन (१३ जुलै १८९६, शिकागोत, आणि तरी फिलाडेल्फिया ९-८ ने हरलं!) आणि दुसऱ्या एका सामन्यात चार डबल (१८९९) असं दोन्ही करणारा तो एकटाच. २ जुलै १९०३ ला नायगाराच्या पुलावरून पडून गेला नसता तर ॲन्सनचा आकडा नक्की मागे पडला असता.

मनगटी_फटका

पूर्ण सहमत. सामन्यामागे दर: डेलाहँटी ०.२८, ॲन्सन ०.२३.

आकडेमोड

मी सहमत नाही. धाग्याचं शीर्षक पुन्हा वाचा. १९०१ आणि १९०२ चे ८१ डबल विसाव्या शतकात जातात, १९०३ चे वेगळेच. १९०० च्या अखेरीस डेलाहँटी ४४१ च्याही खाली होता.

तेव्हा त्याच्या पुढे असलेला आणि या धाग्यात एकदाही नाव न आलेला माणूस म्हणजे डॅन ब्रूथर्स. ४६० डबल, सगळे १८९६ च्या आतले. सामन्यामागे दर ०.२७, यशस्वी फटक्यांपैकी २० टक्के डबल, डेलाहँटीइतकेच. डेट्रॉइटकडून १८८६, ८७ आणि ८८ अशी सलग तीन वर्षं लीगमध्ये पहिला: ४०, ३६, ३३. तीन वर्षांत स्ट्राइकचा नियम दोनदा बदलला तरी पहिला नंबर हलला नाही. सव्वासहा फुटांच्या आसपासचा धिप्पाड डावखुरा आणि तरी २०५ ट्रिपल! माझं मत ब्रूथर्सला.

रानवाट

ब्रूथर्स राहिला होता खरा. कारकिर्दीसाठी माझंही मत त्यालाच. हंगामाचं मात्र बार्न्सकडून हलणार नाही.